चार खासदार आणि दोन याद्या

१९९८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. लोकसभेच्या मतदानाला आठ-दहा दिवस उरले होते आणि आमच्या गावच्या बुद्धविहारात रात्रीची बैठक बसली होती. गाव अमरावती जिल्ह्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे ओलिताचं नाव नाही. पाऊस देईल तेवढा मूग, उडीद, कापूस घ्यायचा आणि जमिनीत ओल टिकली तर हरभरा पेरायचा. आमच्या वस्तीत तेव्हा सव्वाशे घरं होती. त्या सव्वाशे घरांत रिपब्लिकन पक्षाचे तीन गट, आणि शिवाय दहा-बारा घरं हत्तीची, म्हणजे बसपाची.

विहाराच्या फाटकाशी तीन पत्र्याचे फलक होते. गवई गट, आंबेडकर गट, कवाडे गट. तिन्ही निळे, तिन्हींवर बाबासाहेबांचं चित्र, फक्त खालची अध्यक्ष-सचिवांची नावं वेगळी. त्या रात्री लाईन गेलेली होती. मी एकोणीस वर्षांचा, हातात कंदील धरून उभा. माझ्या वडिलांनी आपल्या गटाचा फलक स्वतःच्या हातानं, पान्ह्यानं नटबोल्ट सोडवून खाली उतरवला. मग दुसरा उतरला, मग तिसरा. एक म्हातारे बुवा पायरीवर बसून पाहत होते. ते म्हणाले, "झेंडा त एकच व्हता बाप्पा, दांडेच तुमी तीन केले व्हते."

त्या रात्रीनंतर दीड वर्षात तिन्ही फलक पुन्हा जागच्या जागी लागले.

हे ऐक्य का झालं, कशानं मोडलं आणि मोडल्याची झळ गावात कुणाला बसली, ते इथे मांडतो. मी याच वस्तीतला आहे. माझ्या घरात या पक्षाचं पाणी तीन पिढ्या मुरलेलं आहे, तेव्हा दुरून पाहणाऱ्यासारखं मला लिहिता येणार नाही.

निकाल

आधी तो निकाल किती मोठा होता ते सांगायला हवं, कारण आज तो तरुण कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतो. १९९८ ला महाराष्ट्रात काँग्रेस, रिपब्लिकन पक्ष आणि समाजवादी पक्ष यांची आघाडी होती. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं आणि त्याच युतीनं दोन वर्षांपूर्वी, १९९६ ला, ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या होत्या. १९९८ ला चित्र पार उलटं झालं. काँग्रेसला ३३, रिपब्लिकन पक्षाला ४, शिवसेनेला ६, भाजपला ४, शेतकरी कामगार पक्षाला १. विदर्भातल्या तर ११ च्या ११ जागा आघाडीकडे आल्या, युतीला एकही नाही.

रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार म्हणजे अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून रामदास आठवले. चारांपैकी तीन विदर्भाचे. आणि खरी गोष्ट यापुढे आहे: या चारही जागा खुल्या होत्या, एकही राखीव नव्हती. विदर्भातली अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली बुलडाण्याची जागा काँग्रेसनं स्वतःकडे ठेवली होती आणि तिथून मुकुल वासनिक निवडून आले. म्हणजे रिपब्लिकन उमेदवारांना कुणबी, मराठा, माळी, धनगर, मुसलमान, सगळ्यांची मतं घ्यावी लागली आणि ती मिळाली. आमच्या गावात काँग्रेसच्या एका पाटलांनी त्या निवडणुकीत पहिल्यांदा विहाराच्या ओट्यावर बसून चहा घेतला. मतपत्रिकेवर पंजा नव्हता. त्यामुळे 'या वेळी पंजा शोधू नका' हे आपल्या माणसांना त्यांनाच समजावून सांगावं लागलं, आणि ते त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. मी त्यांच्या मागे चिठ्ठ्या घेऊन फिरत होतो.

अमरावतीची जागा कुणा एकाची कधीच नव्हती. १९८९ ला इथून कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख निवडून आले, १९९१ ला काँग्रेसच्या प्रतिभा पाटील, १९९६ ला शिवसेनेचे अनंत गुढे. मतदार दर वेळी नवा हिशेब करत होता. १९९८ ला त्याच्या हिशेबात आम्ही बसलो.

मुळाशी गेलं की भंडारा लागतो

रिपब्लिकन पक्षातल्या गटबाजीबद्दल बोलायचं झालं की लोक एका वाक्यात मोकळे होतात: नेत्यांचा अहंकार. आमच्या घरातही हेच ऐकत आलो. पण अहंकार कुठल्या पक्षात नाही? इतर पक्षांतही नेते एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तरी पक्ष एक राहतो. आमचाच पक्ष दर दहा वर्षांनी का फुटावा, याचं उत्तर स्वभावात शोधून मिळत नाही. मला ते एका प्रश्नात दिसतं. तो प्रश्न पक्षाच्याही आधीचा आहे: आपण एकटे निवडून येत नाही, तर जायचं कुणाबरोबर?

बाबासाहेबांना स्वतःला हा प्रश्न विदर्भातच भेटला. १९५४ ला भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. त्यांच्या तेव्हाच्या पक्षाचे, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे, उमेदवार स्वतः बाबासाहेब, सोबत प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. आपल्या लोकांनी दुसरं मत कुणालाच देऊ नये, ते कुजवावं, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला होता. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसानं मत वाया घालवा असं सांगायचं नसतं, म्हणून बाबासाहेबांनी त्याला नकार दिला. निकाल लागला तेव्हा मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरले. आमची मतं तिकडे गेली, तिकडची आमच्याकडे पुरेशी आली नाहीत. माझे आजोबा हे सांगताना दर वेळी मध्येच थांबत आणि थोडा वेळ काही बोलत नसत.

बाबासाहेबांना जो नवा पक्ष हवा होता तो एका जातीचा नव्हता. तो सगळ्या वंचितांचा, सगळ्या लोकशाहीवाद्यांचा पक्ष व्हायचा होता. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले. आणि दोन वर्षांत पहिली फूट पडली.

ती फूट विचारांचीच होती. दादासाहेब गायकवाड म्हणत, भूमिहीनांचा प्रश्न हातात घ्या, त्यासाठी डाव्यांबरोबर बसावं लागलं तरी बसा. बी. सी. कांबळे म्हणत, हा बाबासाहेबांचा मार्ग नाही, आपला मार्ग घटनेचा आणि कायद्याचा. कांबळ्यांच्या पक्षाला 'दुरुस्त' म्हणू लागले आणि राहिलेल्यांना आपोआप 'नादुरुस्त'. दोन्ही बाजूंना बाबासाहेबांच्या लिखाणातून आधार सापडत होता, हे विसरून चालणार नाही. ६ डिसेंबर १९६४ पासून गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखोंनी लोक तुरुंगात गेले. आमच्या वस्तीतूनही माणसं गेली होती. पुढे १९६७ च्या सुमाराला गायकवाडांनी काँग्रेसशी समझोता केला आणि त्यावरून दुसरी मोठी फूट पडली. समोर होते चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हस्ते जो दीक्षा समारंभ झाला त्याच्या मागे खोब्रागडेच उभे होते. पक्षानं काँग्रेसच्या दावणीला जाऊ नये, हा त्यांचा आग्रह.

तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक गट म्हणजे 'कुणाबरोबर' या प्रश्नाचं एक-एक उत्तर आहे. नावं बदलली, माणसं बदलली, प्रश्न तोच राहिला.

विहारातल्या चार बाजू

आमच्या वस्तीत ही उत्तरं माणसांच्या रूपानं फिरत होती, आणि त्यातलं एकही उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गवई गट सगळ्यांत जुना. दादासाहेब, म्हणजे रा. सू. गवई, आमच्याच जिल्ह्यातल्या दारापूरचे. विधान परिषदेचे ते दहा वर्षं उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती होते. माझे वडील याच गटाचे. त्यांचं म्हणणं साधं: सभागृहात आपला माणूस असला की कचेरीत आपला अर्ज हलतो. काँग्रेस आपली नाही हे त्यांनाही कळत होतं, पण "उपाशी राहून कोनाचा बाणा टिकते?" हा त्यांचा सवाल असे.

आंबेडकर गट आमच्याकडे अकोल्याच्या सोयरिकीतून आला. माझे मामा त्यात होते. प्रकाश आंबेडकरांनी १९८४ पासून अकोल्यात तळ ठोकला होता. त्यांचं गणित वेगळं. अकोला जिल्ह्यात बौद्धांची संख्या २०११ च्या जनगणनेत १८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे एवढी की तिला सोबत मिळाली तर सत्ता येते आणि मिळाली नाही तर नुसती मतं फुटतात. मग सोबत मोठ्या पक्षाची का घ्यायची? माळी, धनगर, बंजारा, कोळी, अशा ज्या जातींना मोठे पक्ष तिकीट देत नाहीत त्यांना आपण तिकीट द्यायचं. बंजारा समाजातून आलेले मखराम पवार या प्रयोगातले मोठे साथी. यातून बहुजन महासंघ उभा राहिला आणि 'अकोला पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. अकोल्याच्या जिल्हा परिषदेत या पक्षानं पुढे वर्षानुवर्षं सत्ता चालवली. मामा सांगायचे, "भाऊजी, तुमी मागता. आमी देतो." तिकीट देणारा हात आपला असला पाहिजे, ही त्या गटाची सगळी जिद्द. मात्र लोकसभेला हे पुरत नव्हतं. अकोल्यात भाजपविरोधी मतं काँग्रेस आणि आंबेडकरांमध्ये फुटत राहिली आणि भाजपचे पांडुरंग फुंडकर १९८९, १९९१, १९९६ असे सलग तीनदा निवडून आले.

कवाडे गटात पोरं होती, म्हणजे १९७९ ला पोरं होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी प्रा. कवाड्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च काढला, त्यात आमच्या वस्तीतली सहा जणं चालत गेली होती. सत्ता वगैरे नंतर, आधी रस्ता, हे त्यांचं म्हणणं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, नामविस्तार झाला, तेव्हा त्या सहा जणांनी विहारात खीर वाटली.

आणि हत्तीवाले. फेडरेशनचं आणि नंतर रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह एके काळी हत्तीच होतं. ते आमच्या हातून गेलं आणि बसपाला मिळालं. त्या दहा-बारा घरांतल्या म्हाताऱ्या मतदारांना आपण पक्ष बदलला असं कधी वाटलंच नाही. ते म्हणत, आमी हत्तीवरच हाओत, तुमीच उतरले.

एका वस्तीत एवढी मतं असणं ही काही लाजेची गोष्ट नाही. जी माणसं पन्नास वर्षांपूर्वी गावच्या पाणवठ्यावर जाऊ शकत नव्हती ती देशाच्या राजकारणावर चार बाजूंनी वाद घालत होती. खोट होती ती वेगळीच. वाद घातल्यावर निर्णय कुठे आणि कसा करायचा, याची जागा नव्हती. सभासदांची यादी नव्हती. तालुक्याचा अध्यक्ष निवडून येत नसे, नेमला जाई. पक्षाची बैठक म्हणजे नेत्याची सभा. एखाद्या गटाला हरूनही पक्षात राहता येईल अशी सोयच नव्हती, म्हणून जो हरला तो बाहेर पडला आणि त्यानं आपला फलक लावला.

ऐक्य वरून आलं की खालून?

१९९० च्या आसपास एकदा ऐक्य झालं होतं आणि मोडलंही होतं. आठवले शरद पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले, बाकीचे आपापल्या वाटेनं गेले. १९९५ ला युतीचं सरकार आलं आणि समाजाला पहिल्यांदा कळलं की आपण फुटलो तर काय होतं. त्यानंतर ऐक्याची हाक पुन्हा सुरू झाली. मग ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवर संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसं मेली. आमच्या गावापासून ते ठिकाण सहाशे-सातशे किलोमीटर दूर. तरी त्या आठवड्यात वस्तीतली एकही चूल वेळेवर पेटली नाही. विहारात बायका पहिल्यांदा पुरुषांच्या पुढे येऊन बोलल्या: आता गटबिट आमाले सांगू नका.

तेव्हा ऐक्य खालून आलं, असं मी म्हणेन. पण त्याला आकार दिला वरच्यांनी, आणि तो आकार जागावाटपाचा होता. ज्या नेत्याचा जिथे जोर त्याला तिथली जागा. अकोला आंबेडकरांना, अमरावती गवईंना, चिमूर कवाड्यांना, मुंबई आठवल्यांना. निवडणूक जिंकायला हे सूत्र उत्तम होतं, आणि जिंकलेच. पण त्या सूत्रात 'उद्या काँग्रेसच फुटली तर आपण काय करायचं' याचं उत्तर नव्हतं. चार नेत्यांमध्ये मतभेद झाला तर मतदान कुणी करायचं, बहुमत कशाचं धरायचं, हेही नव्हतं. चार स्वतंत्र संस्थानांनी एक झेंडा वापरायचं ठरवावं, तसं ते झालं.

फूट

१७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मतानं पडलं. आमचे चार खासदार विरोधी बाकांवर होते. वस्तीत त्या दिवशी एकच चर्चा: आपलं एक मत कमी असतं तर? एवढं मोल आपल्या मताला याआधी कधी आलं नव्हतं.

१० जून १९९९ ला काँग्रेसनं काढून टाकलेल्या शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. वाद सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या भूमिहीनाचा त्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. पण आघाडी ज्यांच्याशी होती त्यांचेच दोन तुकडे झाले, आणि ऐक्य त्याच फटीतून दुभंगलं. प्रकाश आंबेडकर काँग्रेसबरोबर, आठवले राष्ट्रवादीबरोबर. सप्टेंबर १९९९ ला महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकाच वेळी झाल्या, तेव्हा रिपब्लिकन ऐक्य नावाची गोष्ट उरली नव्हती.

चारांतले दोघं लोकसभेत राहिले. आंबेडकर अकोल्यातून पुन्हा आले. आठवले मुंबईची खुली जागा सोडून राखीव पंढरपुरातून आले. अमरावतीची जागा परत शिवसेनेच्या अनंत गुढ्यांकडे गेली, चिमूरची भाजपच्या नामदेव दिवठ्यांकडे. विदर्भातले तीन खासदार होते, एक राहिला.

घर दुसऱ्याचं, भिंत दुसऱ्याची, तडा गेला तो मात्र आमच्या चुलीपर्यंत आला. १९६७ नंतरही हेच झालं होतं. आपला पक्ष ज्या मोठ्या पक्षाला टेकून उभा असतो तो हलला की आपण पडतो, हे मला त्या सहा महिन्यांत जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं त्याआधी दिसलं नव्हतं.

दोन याद्या

आता गावात काय झालं ते.

आमच्याकडे ई-क्लास जमीन म्हणतात ती सरकारी, गुरचरणाची, पडीक जमीन. भूमिहीनांनी ती वर्षानुवर्षं वाहितीत आणलेली असते. काटेरी बाभळी तोडायच्या, गोटे वेचायचे, धुरे म्हणजे बांध घालायचे, आणि मग दर वर्षी अतिक्रमणाची नोटीस यायची. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याची वाट मोकळी झाली. पण कागद जमवायचे, पंचनामा करून घ्यायचा, मोजणी आणायची, हे एकट्या भूमिहीनाला झेपत नाही. त्यामागे कुणीतरी लागावं लागतं.

१९९८ च्या निकालानंतर तिन्ही गटांनी मिळून एक यादी केली. ३१ कुटुंबं. एका कोऱ्या फुलस्केप कागदावर, माझ्याच अक्षरात. नाव, किती एकर, कोणत्या सालापासून वाहितीत, चतुःसीमा. खाली तिन्ही गटांच्या माणसांच्या सह्या आणि वर फक्त 'रिपब्लिकन पक्ष'. ती यादी घेऊन आम्ही तालुक्याला गेलो. तलाठी आले, पंचनामे झाले, १९९९ च्या उन्हाळ्यात मोजणीही झाली. जमिनीचे पट्टे येणार म्हणून दोघा-तिघांनी बैलजोडीचा सौदा करून ठेवला होता.

जुलैत फलक पुन्हा लागले. ऑगस्टमध्ये एका गटानं नवी यादी दिली. तिच्यात जुन्यातली चार नावं नव्हती आणि सहा नवी होती. ते कळताच दुसऱ्या गटानं आपली वेगळी यादी दिली. दोन्ही याद्यांत असलेल्या काही माणसांपुढे जमिनीचा आकडा वेगळा होता. एकीकडे दीड एकर, दुसरीकडे दोन. एका धुऱ्यावर दोघांची नावं लागली. सगळं प्रकरण 'पडताळणी करून एकच यादी सादर करावी' असा शेरा घेऊन परत आलं. त्या शेऱ्यात मला काही चूक दिसत नाही. ज्याच्या टेबलावर एकाच जमिनीच्या दोन याद्या येतात तो दुसरं काय लिहिणार?

वगळलेल्या चार नावांत एक विधवा होती. तिचा नवरा १९६४ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला, नंतर वारलेला. ती कुठल्याच गटाची नव्हती. तिचं नाव कुणी मुद्दाम काढलं नसेलही. तिच्या बाजूनं बोलायला कुणी बसलं नव्हतं एवढंच. तिनं माझ्या वडिलांना विचारलं, "बापू, माह्या मालकानं कोन्या गटाकून जेल भोगला व्हता, ते सांगा. मी त्याच गटात नाव देतो." वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर जेवले नाहीत.

बैलजोडीचे सौदे मोडले. इसार बुडाला.

पुढची वर्षं

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेलं आहे. अकोल्यात २००४ पासून २०१९ पर्यंत भाजपचे संजय धोत्रे सलग चारदा निवडून आले. आंबेडकर आणि काँग्रेस पुन्हा वेगवेगळे. २०२४ ला अनुप धोत्रे सुमारे ४० हजार मतांनी जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेसचे अभय पाटील, तिसऱ्यावर पावणेतीन लाखांच्या आसपास मतं घेऊन प्रकाश आंबेडकर. अमरावती २००९ पासून राखीव झाली, आणि पहिल्याच निवडणुकीत गवईंचे चिरंजीव राजेंद्र गवई शिवसेनेच्या आनंदराव अडसुळांकडून हरले. खुल्या जागेवर जे साधलं ते राखीव जागेवर साधलं नाही. आठवले २०११ ला युतीकडे गेले. २०२३ च्या जानेवारीत कवाड्यांनी शिवसेनेच्या शिंदे गटाशी हात मिळवला आणि त्याच महिन्यात आंबेडकरांनी उद्धव ठाकऱ्यांशी. ती दुसरी सोबत २०२४ च्या निवडणुकीपर्यंतही टिकली नाही.

यातला प्रत्येक निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. काहींची बाजू मला पटतेही. आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीनं २०१९ ला राज्यभर लहान-लहान जातींतली माणसं उभी केली, ते अकोल्याचंच काम पुढे नेणं होतं, आणि त्यात मला बाबासाहेबांच्या मूळ पक्षकल्पनेचा अंश दिसतो. माझं दुखणं एवढंच की यातला एकही निर्णय आमच्या वस्तीला विचारून झाला नाही. आम्हाला तो रेडिओवर, टीव्हीवर आणि आता मोबाईलवर कळतो. नंतर त्याच्यावरून आम्ही एकमेकांशी बोलणं सोडतो. मामा आणि माझे वडील १९९९ नंतर चार वर्षं एकमेकांच्या घरी जेवले नाहीत. आईनं त्या चार वर्षांत माहेरच्या दोन लग्नांना एकटीनं हजेरी लावली.

तिसरी यादी

२००१ च्या वर्षावासात, विहारात ग्रंथवाचन चालू असताना, त्या विधवा बाईनंच विषय काढला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण कुणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे तिला तोंडपाठ होतं. ती म्हणाली, कागदावर भांडण व्हते, वावरात नाई व्हत. समद्यांनी वावरात चाला.

मग ठरलं. कुणाचं नाव घालायचं हे कुठल्याही गटाच्या अध्यक्षानं सांगायचं नाही. एका रविवारी सकाळी वंदना झाल्यावर सगळी वस्ती ई-क्लासवर जाईल. ज्यानं त्यानं आपापल्या तुकड्यावर जाऊन उभं राहायचं. धुऱ्याला धुरा लागून ज्यांची वाहिती, त्या दोघांनी एकमेकांची हद्द मोठ्यानं सांगायची. वाद झाला तर हात वर करून मतदान, त्यात बायकांचाही हात मोजायचा. जो हरेल त्यानं उठून जायचं नाही.

भाद्रपदातलं ऊन होतं. मूग निघून गेला होता, कपाशी गुडघ्याच्या वर आली होती. माणसं आपापल्या जागी उभी राहिली, लांबून शेतात बुजगावणी लावल्यासारखी दिसत होती. ती बाई पुढे चालायची आणि म्हणायची, "या बाभयीपासून त्या नाल्यापरेंत याचं. नाल्याच्या पलीकडं त्याचं. ह्यो गोटा माह्या मालकानं रोवला." मी मागून लिहीत होतो. तीन ठिकाणी वाद झाला. दोन ठिकाणी मतदानानं मिटला. तिसऱ्या ठिकाणी माझ्या वडिलांच्या गटातला माणूस हरला. तो चिडला, पाय आपटत लिंबाखाली जाऊन बसला, पण गेला नाही. दुपारपर्यंत यादी झाली. २९ नावं. मूळ ३१ पैकी दोन कुटुंबं एव्हाना पोट भरायला सुरतेला गेली होती.

खाली सह्या करायच्या वेळी प्रश्न आला, सहीपुढे गटाचं नाव लिहायचं का. मामा त्या दिवशी अकोल्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला, सही केली, आणि पुढच्या रकान्यात 'साक्षीदार' एवढंच लिहिलं. वडिलांनी त्यांच्याखाली सही केली आणि तेच लिहिलं. बाईनं अंगठा दिला.

त्या २९ पैकी १९ कुटुंबांना पुढे पट्टे मिळाले. फाटकावरचे फलक आजही तीनच आहेत. त्या यादीची झेरॉक्स विहाराच्या कपाटात, वंदनेच्या पुस्तकांखाली ठेवलेली आहे. ग्रामपंचायतीला वस्तीचा उमेदवार ठरवायची वेळ आली की बैठकीच्या आधी ती काढून वाचतात, नावं नव्हे, वर लिहिलेले नियम.